पेपरक्राफ्ट आणि फोटोसाठी घरचा प्रिंटर: आधी कागद ठरवा, मग यंत्र

प्रिंटरच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असतात ते डीपीआय (इंचामागे किती ठिपके) आणि मिनिटाला निघणाऱ्या पानांचे आकडे. कागदी मॉडेल करणाऱ्याला किंवा घरी फोटो छापणाऱ्याला या दोन्हींचा उपयोग जवळजवळ नसतो. ५७६० × १४४० डीपीआय म्हणजे शाईचे थेंब किती बारीक अंतराने टाकता येतात याचं मोजमाप. फोटोत तेवढा तपशील उमटेल असा त्याचा अर्थ नाही. पाहायचं ते वेगळंच: तुमचा कागद यंत्राच्या पोटातून न वाकता, न घासता बाहेर येतो का, आणि त्यावरची शाई पुढे घडी, डिंक आणि उजेड सोसते का.

पंचाईत अशी की ही दोन कामं उलटसुलट मागण्या करतात. मॉडेलला हवा जाडसर, बिनचकाकीचा कागद आणि ओल्या डिंकाने न पसरणारी, घडीवर न तडकणारी शाई. फोटोला हवा लेप दिलेला चकचकीत कागद आणि त्या लेपात मुरून उजळ दिसणारी शाई. दोन्हींत अव्वल ठरेल असं घरगुती यंत्र नाही. तेव्हा तडजोड कुठे करायची ते आधीच ठरवायचं, आणि त्याची सुरुवात कागदापासून करायची.

१. कागदांची यादी करा

येत्या वर्षभरात काय काय छापणार ते लिहून काढा आणि प्रत्येकापुढे कागदाचं वजन लिहा. ढोबळ अंदाज असा:

- ८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम): साधा कॉपीचा कागद. चाचणी प्रत, सरावाचे साचे.
- १२० ते १६० जीएसएम: बारीक कामाची मॉडेलं. पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी वळवायची असेल तर याहून जाड कागद गोल न होता चपट्या फळ्यांसारखा मोडतो.
- १६० ते २२० जीएसएम: बहुतेक इमारती, वाहनं, प्राणी, मुखवटे, लहान डबे. एकच कागद घ्यायचा झाला तर १८०च्या आसपासचा मॅट (बिनचकाकीचा) कार्डशीट घ्यावा.
- २५० ते ३०० जीएसएम: भेटकार्डं, भेटवस्तूंचे खोके, उभी राहणारी चित्रं.
- फोटो पेपर: साधारण १८० ते ३०० जीएसएम.

जीएसएम हे वजन आहे, जाडी नव्हे. २०० जीएसएमचा चकचकीत कागद दाबून गुळगुळीत केलेला असल्याने पातळ असतो, तर तेवढ्याच वजनाचा खरखरीत मॅट कागद फुगीर आणि जाड. प्रिंटरला अडचण होते ती जाडीची. म्हणून तपशीलपत्रकात मिलिमीटरचा आकडा दिला असेल तर तो जास्त भरवशाचा. ०.३ मिमीपर्यंतचा कागद घेणारं यंत्र फोटो आणि बहुतेक मॉडेलं दोन्ही निभावतं.

अमेरिकी साचे वापरणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवायला हवा. तिथे कागद पौंडात सांगतात आणि पौंडाचा आकडा कागदाच्या जातीवर ठरतो. ६५ पौंड कव्हर म्हणजे १७६ जीएसएम, ८० पौंड कव्हर म्हणजे २१६ जीएसएम, पण ११० पौंड इंडेक्स म्हणजे फक्त १९९ जीएसएम. म्हणजे ‘११०’ लिहिलेला कागद ‘८०’ लिहिलेल्यापेक्षा हलका. साच्यावर नुसता पौंडाचा आकडा असेल तर कव्हर की इंडेक्स हे कळल्याशिवाय कागद घेऊ नका.

२. कागद आतून कसा जातो ते पाहा

समोरच्या खालच्या ट्रेमधून कागद घेणारा प्रिंटर तो कागद आत नेऊन जवळजवळ अर्धा गोल वळवतो आणि पुन्हा समोरूनच बाहेर काढतो. ८० जीएसएमला हे चालतं. २०० जीएसएमचा कार्ड त्या वळणावर अडकतो, रोलरवरून घसरतो किंवा कायमचा बाक घेऊन बाहेर येतो. मागून, वरून कागद उभा ठेवायची सोय असलेल्या यंत्रात वळण खूपच कमी असतं. काही यंत्रांत तर मागे सपाट, सरळ मार्गाची वेगळी फट असते. मॉडेलं करायची तर मागचा ट्रे हवाच. या एका अटीने प्रिंटरांची अर्धी यादी गळून पडते, आणि ते बरंच आहे.

‘३०० जीएसएमपर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबू नका, त्याखालचं बारीक अक्षर वाचा. अनेक घरगुती प्रिंटरांत साध्या कागदाची मर्यादा १०५ जीएसएमच्या आसपास असते आणि तो मोठा आकडा कंपनीच्या स्वतःच्या फोटो पेपरपुरता असतो. याचा अर्थ २०० जीएसएमचा साधा कार्डशीट जाणारच नाही असा नाही, मागच्या ट्रेमधून बहुधा जातो. पण अडकला तर कंपनी त्याची जबाबदारी घेणार नाही.

मागच्या ट्रेमध्ये एका वेळी किती पानं मावतात तेही पाहा. काही यंत्रांत वीस-एक फोटो पेपर राहतात, काहींत एकच पान ठेवायची फट असते. चाळीस पानांचं मॉडेल छापताना दर पानाला उठणं म्हणजे काय ते दहाव्या पानाला कळतं.

आकाराचं गणित सोपं आहे. ए४ पुरेसा असतो, कारण बहुतेक साचे ए४ किंवा अमेरिकी लेटर आकारातच आखलेले असतात. ए३+ म्हणजे ३२९ × ४८३ मिमी. भिंतीवर लावायचे मोठे फोटो किंवा बिनजोडाचे मोठे भाग हवे असतील तरच त्याची जागा आणि किंमत परवडते.

३. लेझर की इंकजेट

लेझर प्रिंटर टोनरची पूड सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवून कागदावर चिकटवतो. टोनर हे मुळात रंगीत प्लास्टिक. ते कागदात मुरत नाही, वर बसतं. त्यामुळे पाण्याने पसरत नाही, रेघा धारदार येतात, आणि शाई वाळून बसण्याची चिंता नाही. पण तेच प्लास्टिक जाड कागदाच्या घडीवर तडकून पांढरी रेघ दाखवतं, आणि गडद भागावर पांढरा डिंक नीट धरत नाही. उष्णतेने कार्ड वळतो तो वेगळाच. फोटोंसाठी घरगुती रंगीत लेझर नको: त्वचेचे रंग ठिपकेदार दिसतात.

इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो पेपर किंवा पारदर्शक फिल्म लेझरमध्ये कधीही घालू नका. लेप वितळून आतल्या तापणाऱ्या रोलरला चिकटतो आणि तो भाग बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो.

तुम्ही फक्त रेघांचे साचे, रंगवायची चित्रं आणि मुलांचे कापा-चिकटवा कागद छापत असाल तर काळा-पांढरा लेझर उत्तम. फोटो यादीत आले की इंकजेटच.

४. शाई: निवडीचा खरा मुद्दा

इंकजेटची शाई दोन जातींची. डाय शाईत रंग द्रवात विरघळलेला असतो. तो कागदाच्या लेपात शिरतो, म्हणून चकचकीत कागदावर रंग उजळ आणि पृष्ठभाग एकसारखा दिसतो. पण साध्या कागदावर ती थोडी पसरते आणि ओला डिंक लागला की फुटते. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. ते कागदाच्या वर राहतात, त्यामुळे साध्या आणि मॅट कागदावर काळा गडद, रेघ स्वच्छ, पाण्याची भीती कमी, आणि उजेडात रंग जास्त टिकतो. चकचकीत कागदावर मात्र तिरकस पाहिलं की पिगमेंटची तांबूस झाक दिसू शकते आणि शाई नसलेला पांढरा भाग वेगळा चमकतो. महागड्या फोटो प्रिंटरांत यावर उपाय म्हणून पारदर्शक थराची वेगळी नळकांडी असते.

आता गोंधळाची जागा. घरगुती चार-रंगी प्रिंटरांपैकी बऱ्याच यंत्रांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे तीन रंग डाय असतात. मजकुरासाठी ही जोडी छान. पण सेटिंगमध्ये ‘ग्लॉसी फोटो पेपर’ निवडला की यंत्र काळी पिगमेंट शाई वापरणं थांबवतं, कारण ती त्या लेपावर बसत नाही, बोटाने पुसली जाते. मग काळा रंग निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून तयार होतो, आणि तो गडद तपकिरी किंवा हिरवट दिसतो. ‘फोटोत काळे केस राखाडी दिसतात’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. यंत्र बिघडलेलं नसतं.

म्हणून तपशीलपत्रकात ‘काळा: पिगमेंट की डाय’ हे शोधा आणि फोटोसाठी वेगळा ‘फोटो ब्लॅक’ आहे का ते पाहा. रंग मोजा. सहा-रंगी यंत्रात चार मूळ रंगांबरोबर फिकट निळा आणि फिकट किरमिजी असतात, किंवा राखाडी आणि लाल. फिकट रंगांमुळे आकाश आणि चेहरा यांत ठिपके दिसत नाहीत. राखाडीमुळे काळे-पांढरे फोटो रंगाची झाक न घेता येतात.

उदाहरणं द्यायची तर एप्सनचा एल८०५० हा ए४ आकाराचा सहा-रंगी टाकीवाला (बाटलीतून शाई भरायचा) प्रिंटर फिकट निळा आणि फिकट किरमिजी देतो. कॅननचा जी५७० लाल आणि राखाडी देतो. एप्सनच्या ईटी-८५५० मध्ये पिगमेंट काळा आणि फोटो ब्लॅक दोन्ही आहेत, शिवाय राखाडी, आकार ए३+ आणि सरळ मार्गाने १.३ मिमीपर्यंतचा कागद. दोन्ही कामं एकाच यंत्रावर करायची तर हा शेवटचा नमुना हव्या त्या गोष्टींच्या सर्वांत जवळ जातो. प्रिंटरांची नावं बदलत राहतात, पण शोधायचं काय ते बदलत नाही: मागचा ट्रे, काळ्याची जात, रंगांची संख्या.

कुठल्या कामासाठी काय, असं सरळ विचाराल तर: दहापैकी सात पानं मॉडेलांची असतील तर सगळेच रंग पिगमेंट असलेला किंवा निदान काळा पिगमेंट असलेला चार-रंगी प्रिंटर. फोटो जास्त असतील तर सहा-रंगी डाय, आणि मॉडेलांना छापल्यावर स्प्रे मारण्याची तयारी. दोन्ही बरोबरीचं असेल आणि फोटो छोटेच लागत असतील, तर चार-रंगी टाकीवाला आणि त्याच्या जोडीला ४ × ६ इंची डाय-सब्लिमेशनचा छोटा प्रिंटर असा संसार बरा चालतो. त्या छोट्या यंत्रात शाई नसते, रंगाची फीत तापवून कागदावर उतरवतात आणि शेवटी संरक्षक थर बसतो. फोटो लगेच हाताळता येतो, महिनोन्‌महिने यंत्र बंद ठेवलं तरी नोझल (शाई बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रं) वाळण्याचा प्रश्न नाही, आणि दर फोटोचा खर्च ठरलेला. फक्त आकार तेवढाच.

५. टाकी की कार्ट्रिज, आणि पानामागचा खर्च

पेपरक्राफ्टची पानं शाई खातात. इमारतीची भिंत, विमानाचं अंग, सगळा भाग रंगाने भरलेला. कार्ट्रिजवर दिलेला ‘इतकी पानं’ हा आकडा आयएसओ/आयईसी २४७११ पद्धतीने, ठरावीक नमुना पानांवरून काढलेला असतो. त्या पानांवर बराच भाग पांढरा असतो. पूर्ण भरलेलं एक पान तसली कित्येक पानं गिळतं. फोटोंसाठी वेगळी पद्धत आहे, आयएसओ/आयईसी २९१०२. कंपनीने तो आकडा दिला असेल तर फोटोंचा हिशेब त्यावरून करा, पानांच्या आकड्यावरून नको.

महिन्याला वीस-पंचवीस भरलेली पानं असतील तर टाकीवाला प्रिंटर आपली जास्त किंमत वसूल करतो. महिन्याला दोन-चार पानं असतील तर नाही, कारण टाकीतली शाई वापराविना जुनी होते आणि हेड (शाईचे थेंब टाकणारा भाग) कोंदतं. पहिल्या भरणीत शाईचा काही भाग नळ्या भरण्यात जातो, तेव्हा सोबत आलेल्या बाटल्यांतून पुढच्यांएवढी पानं निघत नाहीत. यंत्र फसवत नाही.

सफाईत वाया गेलेली शाई आत एका शोषक गादीत जमा होते. ती भरली की यंत्र थांबतं. ही गादी ‘मेंटेनन्स बॉक्स’ म्हणून स्वतः बदलता येत असेल तर ती मोठी सोय. बिनकडांचे फोटो भरपूर छापणाऱ्याने हे आवर्जून पाहावं, कारण कडेबाहेर उडालेली शाईही आतच साठते.

हेडबद्दल एकच लक्षात घ्या. एप्सन आणि ब्रदर यांची हेडं दाबाने थेंब टाकणारी, यंत्रात कायम बसवलेली असतात. कॅनन आणि एचपी यांची शाई क्षणभर तापवून थेंब फेकणारी असतात. कॅननच्या टाकीवाल्या कित्येक यंत्रांत हेड स्वतः काढून बदलता येतं, एचपीच्या अनेक कार्ट्रिजांत तर हेड कार्ट्रिजलाच असतं. घरी नियमित छपाई होत नसेल तर बदलता येणारं हेड हा खरा विमा.

६. घेण्याआधी छापून पाहा

स्वतःचा कागद घेऊन जा: एक २०० जीएसएम कार्डशीट आणि एक चकचकीत फोटो पेपर. सोबत एक पीडीएफ ठेवा. तिच्यात हवं ते:

- १०० मिमीच्या दोन रेघा, एक आडवी, एक उभी.
- केसाएवढी बारीक रेघ, सरळ आणि तिरपी. तिरपी पायऱ्यांसारखी दिसते का पाहा.
- काळ्याचा ५ सेमी चौकोन आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उतरती पट्टी.
- एका चेहऱ्याचा फोटो.
- लाल आणि निळा शेजारी शेजारी.

कार्डशीटवर छापलं की काळ्या चौकोनाची कड बोटाने घासा. पाच-दहा मिनिटांनी त्यावर ओलं बोट लावा. मग तो चौकोन मधून घडी घालून उघडा. पांढरी रेघ किती दिसते त्यावरून घडीचं उत्तर मिळतं. रेघा मोजपट्टीने मोजा. आडवी बरोबर आणि उभी अर्धा मिलिमीटर कमी असेल तर रोलर कार्डावर घसरतोय.

७. मॉडेल छापतानाची पावलं

१) फाइल संगणकावर उघडून पीडीएफ वाचकातूनच छापा. फोनवरून छापताना कागदाची जात निवडायची सोय बऱ्याचदा अपुरी असते आणि ‘पानात बसवा’ आपोआप लागलेलं असतं.

२) छपाईचं प्रमाण ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के ठेवा. लेटर कागदासाठी आखलेला साचा (२१६ × २७९ मिमी) ए४वर (२१० × २९७ मिमी) ‘बसवला’ तर सुमारे ९७ टक्के होतो, आणि उलट केलं तर ९४ टक्के. एकच पान असं गेलं तर भाग एकमेकांत बसत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी छापलेल्या पानांत ही चूक हमखास होते.

३) बिनकडांची छपाई बंद ठेवा. त्यात यंत्र चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर टाकतं, म्हणजे मापं गेलीच. इंकजेट साधारण ३ मिमी कड सोडतो. साच्याचा भाग त्यात येत असेल तर पूर्ण साचा एकसारखा ९५ टक्क्यांवर छापा, एखादं पान नाही.

४) कागदाची जात ‘मॅट’ किंवा ‘जाड कागद’ निवडा. ‘प्लेन’वर शाई कमी पडते आणि हेड कागदाच्या फार जवळ राहतं. सेटिंगमध्ये घासणं टाळण्याचा किंवा जाड कागदाचा वेगळा पर्याय असेल तर तोही लावा.

५) दोन्ही दिशांनी छापण्याचा वेगवान पर्याय बंद करा. वेळ दुप्पट लागतो, पण बारीक रेघा दुहेरी होत नाहीत.

६) कार्ड ठेवण्याआधी हाताने उलट बाजूला हलकं वाकवून सपाट करा, एक-दोन पानंच ठेवा, बाजूचे मार्गदर्शक कागदाला टेकवा पण दाबू नका.

७) पहिलं पान ८० जीएसएमवर छापून १०० मिमीची रेघ मोजा. मगच कार्ड वापरा.

कटिंग यंत्र जोडणार असाल तर नोंदणी खुणा (कुठे कापायचं ते यंत्राला दाखवणाऱ्या छापील खुणा) मॅट कागदावरच नीट वाचल्या जातात. चकचकीत कागदावरून प्रकाश परततो आणि सेन्सर चुकतो. खुणांजवळ दुसरं काही छापू नका, आणि स्प्रेची चकाकी तिथे येऊ देऊ नका.

८. फोटो छापताना

आधी पिक्सेल मोजा. ३०० पीपीआयला (इंचामागे ३०० पिक्सेल) ४ × ६ इंचासाठी १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ए४साठी २४८० × ३५०८. ए४ जरा लांबून पाहिला जातो, त्यामुळे २०० पीपीआयही चालून जातं. मेसेजमधून आलेला फोटो बहुतेक वेळा आकसलेला असतो. मूळ फाइल मागवून घ्या.

फोनचा फोटो ४:३ प्रमाणाचा, ४ × ६ इंची कागद ३:२ चा. तेव्हा कुठेतरी कापावं लागणारच. ते स्वतः कापा, यंत्रावर सोडू नका, नाहीतर कुणाचं तरी डोकं जातं. बिनकडांचा फोटो असेल तर महत्त्वाचं काही कडेच्या ५ मिमीत ठेवू नका.

रंगांची जुळवणी एकाच ठिकाणी करा. फोटोच्या ॲपमध्ये कागदाची आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) निवडली तर ड्रायव्हरमधली (संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्ती पूर्ण बंद. किंवा सगळं ड्रायव्हरवर सोडा आणि ॲपमध्ये काही करू नका. दोन्ही चालू राहिलं की चेहरे लालसर, दाट येतात. प्रोफाइल वगैरे झंझट नको असेल तर फाइल एसआरजीबीत (नेहमीच्या रंगपद्धतीत), कंपनीचाच कागद, आणि ड्रायव्हरमध्ये त्याच कागदाचं नाव. कंटाळवाणा पण सर्वांत खात्रीचा मार्ग.

‘छापलेला फोटो पडद्यापेक्षा काळवंडलेला’ यात चूक बहुधा पडद्याची असते. तो फार उजळ ठेवलेला असतो. फोटो दुरुस्त करताना पडद्याचा उजळपणा ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर, किंवा मोजायचं साधन नसेल तर पडद्यावरचं कोरं पान आणि शेजारी धरलेला पांढरा कागद सारखे दिसतील इतका, कमी करा.

लेप असलेली बाजू वर की खाली हे ट्रेवर ठरतं. मागच्या ट्रेमध्ये ती बहुधा तुमच्याकडे, पुढच्यामध्ये खाली. बाजू ओळखता येत नसेल तर किंचित ओलसर बोट कोपऱ्याला लावा: चिकटते ती लेपाची. उलट्या बाजूवर छापलं की शाई थेंबाथेंबाने उभी राहते आणि पुढचे दोन-तीन फोटोही रोलरमुळे डागाळतात.

९. छापल्यानंतर

फोटो १५ मिनिटं सुटे ठेवा, एकमेकांवर रचू नका. डाय शाईचा फोटो फ्रेममध्ये घालण्याआधी २४ तास उघडा वाळू द्या, नाहीतर काचेवर आतून धुकं धरतं. सूक्ष्म छिद्रांच्या लेपाचा लवकर वाळणारा कागद हवेतल्या ओझोनलाही लवकर बळी पडतो. अशा कागदावरचा डाय फोटो भिंतीवर उघडा ठेवण्यापेक्षा काचेमागे किंवा अल्बममध्ये जास्त टिकतो.

मॉडेलचं कार्ड किमान अर्धा तास, गडद पान असेल तर रात्रभर वाळवा. डाय शाई असेल तर कापण्याआधी मॅट ॲक्रिलिक स्प्रेचे दोन पातळ थर द्या, पान ३० सेमी लांबून, दोन थरांत १५ मिनिटं ठेवून, उघड्या हवेत. एकच जाड थर दिला तर शाई त्याच द्रावात पसरते. आधी रद्दी पानावर पाहा. टॅबवर (डिंक लावायच्या पट्ट्यांवर) स्प्रे येऊ देऊ नका किंवा तिथे बारीक सॅंडपेपर फिरवा, म्हणजे डिंक धरेल.

घडीची रेघ आधी दाबून घ्या. लिहायचं थांबलेलं बॉलपेन आणि पोलादी पट्टी पुरते. सुरीने अर्धी कापून घडी घालू नका, छापलेला थर तिथेच तडकतो. कागदाच्या तंतूंची दिशा ओळखायला पान दोन्ही बाजूंनी हलकं वाकवा. ज्या बाजूने सहज वाकतं त्या दिशेच्या समांतर घडी स्वच्छ येते, आडवी घडी फाटल्यासारखी दिसते. लांब नळ्या आणि दंडगोल त्या सहज वळणाच्या दिशेनेच पानावर मांडलेले असावेत.

डिंक टूथपिकने, टॅबवरच आणि पातळ. पाणी घातलेला पांढरा डिंक डाय शाईसाठी विष आहे, जितका दाट तितका बरा. कापलेल्या पांढऱ्या कडा जुळत्या रंगाच्या पेन्सिलीने भरून घ्या. मॉडेल तयार दिसण्यात याचा वाटा प्रिंटरपेक्षा मोठा असतो.

१०. बिघडलं तर

आडव्या बारीक पांढऱ्या रेघा आल्या की नोझल चेक छापा. तुटक रेघ दिसली तर एकदा सफाई, पुन्हा चेक. तीनदा करूनही फरक नसेल तर थांबा, सहा-बारा तास ठेवा आणि मग एकदा. सलग दहा सफाया केल्याने शाई संपते आणि गादी भरते, नोझल मात्र तसंच राहतं. चेक स्वच्छ पण फोटोत पट्टे? मग हेडची जुळवणी आणि कागदाची जात तपासा, सफाई नको.

कार्डाच्या कडांवर काळे ओरखडे म्हणजे हेड घासतंय: कागद सपाट करा आणि जाड कागदाचं सेटिंग लावा. पानाच्या मागे डाग म्हणजे रोलरवर शाई, साध्या कागदाची चार-पाच कोरी पानं फिरवा. कार्ड आत घेतच नसेल तर घेणारे रोलर पाण्याने किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. एकाच पानाची आडवी मापं बरोबर आणि उभी चुकलेली असतील तर पान हाताने अगदी हलका आधार देऊन आत जाऊ द्या, ओढू किंवा ढकलू नका.

आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक छोटं चित्र छापा. यंत्र त्याच्या बटणानेच बंद करा, थेट प्लगवरून नाही: बटणाने बंद केलं तरच हेड आपल्या टोपीखाली जाऊन बसतं आणि वाळत नाही. टाकीत शाई खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरली तर ती काढायला अर्धी बाटली जाते. यंत्र हलवताना तिरपं करू नका, आणि कार्डशीटचं उघडं पाकीट हवाबंद पिशवीत आडवं ठेवा. दमट झालेलं कार्ड ट्रेमध्ये सपाट दिसतं आणि हेडखाली गेलं की उठतं.